वीस हात विहीर

जमनाबाई गेल्या तेव्हा मी नाशिकला मुलीकडे होतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. बातमी पंधरा दिवसांनी फोनवर कळली. डोळ्यांत दर चार तासांनी औषध घालायचे होते, त्यामुळे डोळे ओले दिसले तरी कोणी काही विचारले नाही. ही सोय मला आवडली.

तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी उंबरपाडा नावाची वस्ती आहे. चाळीस-पन्नास घरे, भाताची आणि नाचणीची शेते, एक विहीर, आणि विहिरीला लागून पाण्याची एक उंच टाकी. जमनाबाई तिथल्या. विहिरीत पडलेली भांडी काढणे हे त्यांचे काम. ते त्यांना कोणी दिलेले नव्हते आणि त्याबद्दल त्या काही घेत नसत. आसपासच्या सहा-सात पाड्यांत कोणाच्या हातून हंडा, कळशी, बादली सुटली की निरोप येई आणि त्या गळ खांद्यावर टाकून निघत. गळ म्हणजे सहा आकड्यांचा लोखंडी झुबका आणि त्याला बांधलेला लांब दोर. चालताना तो किणकिण वाजे. त्या आवाजावर कुत्रीदेखील भुंकत नसत.

इथे मी त्यांच्याविषयी ‘त्या’ असे लिहितो आहे. नोकरीत असतो तर ‘ती’ लिहिले असते. बहुधा लिहिलेच नसते.

मी पाणीपुरवठ्याच्या कामांवरचा अभियंता. चौतीस वर्षे नोकरी करून २०१४ साली उपअभियंता म्हणून निवृत्त झालो आणि डहाणू रोडला स्थायिक झालो. निरोपसमारंभात एका सहकाऱ्याने, मी दोन तालुक्यांची तहान भागवली, असे सांगितले. हेच वाक्य त्याने आदल्या महिन्यात दुसऱ्या एका निवृत्ताबद्दल उच्चारले होते आणि मी ते ऐकले होते. तरीही महिनाभर मी त्यावर विश्वास ठेवला.

महिन्यानंतर दिवस रिकामे झाले. मी एक नवी वही आणली आणि पहिल्या पानावर ‘उर्वरित जीवनाचे प्रयोजन’ असे शीर्षक लिहून खाली दोन रेघा मारल्या. अकरा दिवस त्याखाली काही उतरले नाही. बाराव्या दिवशी पत्नीने तिथे वाणसामानाची यादी लिहिली. तिचे म्हणणे, पान वाया जात होते. मी जाब विचारला तेव्हा ती म्हणाली, “अहो, या घरात माणूस चालेल. उपअभियंता नको.”

म्हणून मी घराबाहेर पडलो आणि ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात गेलो. मंडळाचे अध्यक्ष रमणिकभाई, घोलवडचे चिकूबागायतदार. तिथे मी ‘निवृत्ती आणि प्रयोजन’ या विषयावर पन्नास मिनिटे भाषण केले. प्रत्येकाला जगण्यासाठी काही हेतू हवा, असा त्याचा आशय होता. माझा हेतू कोणता, हे मी सांगितले नाही. मला तो ठाऊक नव्हता. रमणिकभाई पहिल्या रांगेत झोपले होते. जागे झाल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला. “साहेब, फार सरस बोलले तुमी. पण एक सांगू? तुमी स्वतः काहीतरी करा ने.”

त्यावर विचार करून मी ठरवले की आपण आयुष्यभर उभारलेल्या योजना एकेक करून पाहायच्या. आपले काम आपल्या डोळ्यांनी पाहिले की समाधान आपोआप मिळेल, अशी माझी समजूत होती. यादीत पहिले नाव उंबरपाड्याचे होते, कारण ती माझी पहिली योजना होती.

तलासरीपर्यंत एसटी आणि पुढे जीप. टाकी दुरूनच दिसली. तीस वर्षे होऊन गेली होती, तरी कुठे तडा नव्हता. मला अभिमान वाटला. जवळ गेलो तेव्हा टाकीच्या सावलीत आठ-दहा बाया रिकामे हंडे घेऊन बसलेल्या दिसल्या. एप्रिल चालू होता. एक साठीची, काटक, उंच बाई विहिरीच्या कठड्याला टेकून दोर हलवीत होती आणि भलतीकडेच, उंबराच्या झाडाकडे पाहत होती.

मी विचारले, “टाकीला पाणी येत नाही का?”

“येतं की,” ती बाई मान न वळवता म्हणाली. “पावसात येतं. धो धो येतं.”

“आणि उन्हाळ्यात?”

“उन्हाळ्यात सावली येते. टाकी चांगली हाय, सायेब. इतकी सावली पाड्यात दुसरी कुठं नाय.”

बाया हसल्या. टाकी कोणी बांधली, हे मी त्यांना सांगितले नाही.

विहिरीला पाणी किती, हे पाहायला मी कठड्यावरून वाकलो आणि माझा चष्मा आत पडला. चौतीस वर्षे विहिरींत वाकून पाहिलेला मी माणूस. वाकण्याआधी चष्मा काढून खिशात ठेवावा, ही सूचना हाताखालच्या लोकांना मीच देत असे.

त्या बाई म्हणजेच जमनाबाई. त्यांनी आधी एक तांब्याची कळशी वर काढली, तिच्यातले पाणी परत विहिरीत ओतले आणि कळशी एका तरुण सुनेपुढे धरली. पण सोडली नाही.

“संगं काय पडलं?” त्यांनी विचारले.

“काय नाय, जमनी आय.”

“भांडं हातातून नाय पडत, बाय. डोक्यातून पडतं. कोनाची याद करत व्हतीस?”

सून लाजली. बाया ओरडल्या, “वापीला कामाला गेलाय ना तिचा! सनाला पन आला नाय!” सुनेने तोंडावर पदर घेतला आणि मान हलवली. तेव्हा कुठे कळशी तिच्या हाती आली.

मग त्या माझ्याकडे वळल्या. चष्मा गळाला लागणार नव्हता. त्यांनी कमरेचे एक फाटके जाळे सोडले. किनाऱ्यावरच्या झाईच्या कोळणीकडून मिळालेला तो तुकडा होता. ते आकड्यांवर ताणून बांधले, दोर सोडला आणि पुन्हा उंबराकडे पाहू लागल्या.

“पाण्याकडे का पाहत नाही?” मी विचारले.

“पान्याकडं बघून काय दिसतं? आपलंच तोंड. हाताला कळतं तेवढं पुरं.”

चौथ्या खेपेला चष्मा वर आला, एक काडी वाकडी. त्यांनी तो माझ्यापुढे धरला आणि सोडला नाही.

“संगं काय पडलं, सायेब? तुमचं ध्यान कुठं व्हतं?”

मी खरे ते सांगितले. जीवनाच्या प्रयोजनाचा विचार करत होतो. जमनाबाईंनी चष्मा लगेच दिला. आजाऱ्याला वस्तू द्यायला वेळ लावू नये, असे त्यांना वाटले असावे.

मला मात्र माझा अभ्यासविषय सापडला होता. मी वही काढली. “बाई, हे काम करण्यामागे तुमचा हेतू काय? म्हणजे, तुम्ही रोज सकाळी कशासाठी उठता?”

“लघवीला,” जमनाबाई म्हणाल्या.

हे उत्तर मी वहीत नोंदवले नाही.

ऊन चढले होते म्हणून त्यांनी मला घरी चहाला नेले. कुडाचे घर, शेणाने सारवलेले. एका भिंतीवर खिळे ठोकले होते आणि प्रत्येक खिळ्याला एक वस्तू टांगली होती: चमचा, पितळी कुलूप, चांदीचे एक पैंजण, कंदिलाची काच नसलेली चौकट, खेळण्यातली मोटार. विहिरीतून निघालेल्या, पण कोणी न मागितलेल्या वस्तू. या भिंतीचा एक नियम होता. वस्तू आपणहून कोणाला द्यायची नाही. मालकाने यावे, आपली वस्तू ओळखावी, ती कुठे पडली आणि संगं काय पडले ते सांगावे, आणि घेऊन जावे. एका बाईने नऊ वर्षांनी येऊन दुसरे पैंजण नेले होते. नवऱ्याशी भांडून तिने दोन्ही पैंजणे मुद्दाम विहिरीत टाकली होती. ते कबूल करायला तिला नऊ वर्षे लागली, आणि कबूल केले तेही एकाच पैंजणापुरते.

“आन त्याचा मालक नाय आला अजून,” जमनाबाई वर बोट दाखवत म्हणाल्या.

सगळ्यांत वरच्या खिळ्याला चामडी डबीतला मोजमापाचा टेप टांगला होता. धुराने काळा पडला होता. पितळी कडी मात्र चमकत होती. कोणी तरी ती पुसत असावे.

तो टेप माझा होता.

आता जे सांगायचे ते थोडक्यात सांगतो, कारण ते लांबवण्यासारखे नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी या विहिरीची खोली आणि पाण्याची आवक मोजायला आलो होतो. ती भर उन्हाळ्यात मोजायची असते. मी जानेवारीत आलो, कारण मार्चअखेर कागद वर जायला हवा होता. मोजताना टेप हातातून निसटला. दुसरा टेप तलासरीला होता, जीपचा चालक भोंगा वाजवत होता, आणि पुढच्या गावी आमच्या जेवणाची व्यवस्था झाली होती. शेजारच्या गावच्या विहिरीची खोली बेचाळीस फूट होती. मी इथेही बेचाळीस लिहिले आणि खाली सही केली. त्या आकड्यावर पंप ठरला, त्या आकड्यावर टाकी उभी राहिली. माझी पुढची सगळी नोकरी त्या पहिल्या वेळेवर झालेल्या कामावर उभी राहिली, असेही म्हणता येईल.

चहा पिताना मी सहज विचारल्यासारखे विचारले, “विहीर किती खोल आहे, बाई?”

“वीस हात. पयल्यापासनं वीस हात.”

वीस हात म्हणजे तीस फूट. मी चहा संपवला. टेपकडे पाहिले नाही. ‘निघतो’ म्हणालो आणि निघालो.

घरी पत्नीने विचारले, “मिळालं का समाधान?” मी म्हणालो, रस्ता खराब आहे.

यानंतर कोणत्याही सरळ माणसाने उंबरपाड्याला परत जाऊन टेप मागितला असता. मी त्याऐवजी जमनाबाईंचा सत्कार करायचे ठरवले. सत्कार हा आम्हा सुशिक्षितांचा जुना उपाय आहे. ज्याच्यासमोर खाली पाहावे लागते, त्याला शाल पांघरली की आपल्याला वर पाहता येते.

२०१५च्या हिवाळ्यात मंडळाच्या सभागृहात कार्यक्रम ठरला. पत्रिका छापली. जीपवाल्याबरोबर निरोप गेला, ‘येते’ असे उत्तर आले. व्यासपीठावर खुर्ची मांडली, तिच्यापुढे रांगोळी काढली. मी ‘प्रयोजनाने उजळलेले जीवन’ असे भाषण तयार केले होते. जुन्यातलीच चाळीस मिनिटे त्यात होती. जमनाबाई आल्या नाहीत. पाऊण तास मंडळी रिकाम्या खुर्चीकडे पाहत बसली. मग बटाटेवडे आले आणि ती त्यांच्याकडे पाहू लागली.

रमणिकभाई माझ्या कानाशी लागले. “साहेब, शाल आणलीच आहे तर माझाच सत्कार करून टाका ने. मी आलोय, वेळेवर आलोय, हे काय कमी आहे?”

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच गाडीतून आम्ही शाल आणि नारळ घेऊन गेलो. जमनाबाई घरी नव्हत्या. एक कोस पुढच्या पाड्यावर, दुसऱ्याच एका विहिरीवर सापडल्या. काल निघण्याच्या वेळी तिथून निरोप आला होता, दोन हंडे एकदम पडले होते, एक अजून निघत नव्हता.

“अहो, तुमची सगळे वाट पाहत होते,” मी म्हणालो.

“हिथं बी पाहत व्हते,” त्या म्हणाल्या. “त्यांना पानी न्यायचं व्हतं. तुमाला काय न्यायचं व्हतं?”

मी शाल त्यांच्या खांद्यावर घातली. भाषण खिशात होते. निदान त्याची प्रस्तावना तरी वाचावी म्हणून मी नारळ कठड्यावर ठेवला आणि कागद उलगडला. पहिल्या वाक्यालाच नारळ गडगडत विहिरीत गेला.

“गळ टाका! गळ टाका!” मी ओरडलो.

जमनाबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. “नारळ तरंगतो, सायेब.”

त्यांनी बादली सोडली आणि नारळ सहज वर घेतला. पुसून रमणिकभाईंच्या हाती दिला. माझ्या हाती दिला नाही. मग विचारले, “पान्याच्या खात्यात किती वरसं व्हता?”

“चौतीस.”

त्यांनी मान डोलावली. दया दाखवणारे माणूस जशी डोलावते तशी. रमणिकभाई गाडीत घोलवडपर्यंत हसत होते. मध्येच थांबून ‘तरंगतो’ म्हणत आणि पुन्हा सुरू करत.

शालीचा उपयोग त्यांनी दुसऱ्या दिवसापासून केला. तिची चौपदरी घडी करून खांद्यावर ठेवली आणि तिच्यावर गळ. लोखंड आता खांद्याला घासत नसे. मी ती शाल माणसाच्या गौरवासाठी घेतली होती. ती उपयोगी पडली, ही तिची चूक नव्हे.

मी उंबरपाड्याला जातच राहिलो. कारण म्हणून ‘अभ्यास’ हा शब्द वापरत असे. खरे कारण तो खिळा होता. महिना-दोन महिन्यांनी जायचो, घरात शिरताच वर पाहायचो, टेप तिथे असायचा. प्रत्येक वेळी ठरवून जायचो की आज मागायचा. जमनाबाई चहा द्यायच्या, पाड्यातल्या गोष्टी सांगायच्या, टेपचा विषय काढायच्या नाहीत. मी एसटीची वेळ झाली म्हणून उठायचो. एसटी नेहमी उशिरा यायची. थांब्यावर उभे राहून आपल्या भित्रेपणाचा विचार करायला मला पुरेसा वेळ मिळे.

एकदा गळ सोडताना त्या आपणच म्हणाल्या, “या उंबराच्या अंगाला आकडा खडकावर वाजतो. बाकी समदीकडं गाळात जातो. हिथं गाळ का बसत नाय, सांगा.”

मी चष्मा खिशात ठेवून वाकून पाहिले.

“खालून पानी ढकलतं, म्हनून. झरा हाय. वर दगूड बसलाय त्याच्या. दगूड काढा, पानी येल.”

“हे तुम्ही आधी कोणाला का सांगितले नाही?”

“कोनी विचारलं नाय. तुमच्या खात्याचे लोक येत, वर टाकीकडं बघत. खाली कोन बघतो?”

२०१६च्या मे महिन्यात पाड्याने विहीर उपसली. पुरुषांनी गाळ काढला, बायांनी घमेली वाहिली, मी सूचना दिल्या. दुपारपर्यंत माझ्या सूचनांवाचूनही काम चालते, असे लक्षात आले, तेव्हा मला दोराचे टोक धरायला दिले गेले. ते मी नीट धरले. उंबराच्या बाजूचा दगड पहारीने हलवला आणि खालून पाणी उसळले. आत उतरलेले चौघे ओरडतच वर आले.

आता खोली मोजायला हवी होती. मी टेप आणायला विसरलो होतो. जमनाबाई घरी गेल्या आणि खिळ्यावरचा तो काळा टेप घेऊन आल्या.

“हा हाय. मापा.”

मी विचारले, “कोणाचा आहे?” हा प्रश्न मी विचारला, हे मी आजही स्वतःला सांगतो तेव्हा मला खोकला येतो.

“मालक आला नाय अजून,” त्या म्हणाल्या.

मी माझ्या टेपने माझी विहीर मोजली. गाळ काढल्यावर छत्तीस फूट. मग तो टेप पुसला, गुंडाळला आणि माझ्या हाताने परत खिळ्याला टांगला. एका विहिरीवर एका टेपने एखादा माणूस दोनदा खोटा ठरू शकतो, हे मी सिद्ध केले.

जुना पंप दुरुस्त झाला. भर उन्हाळ्यात टाकी अर्धी भरू लागली. पूर्ण कधीच भरली नाही. ती बेचाळीस फुटांच्या विहिरीसाठी बांधली होती. पण सकाळी दोन तास नळाला पाणी आले. माझ्या नोकरीचे खरे फळ मला निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मिळाले, तेही एका बाईने दगड दाखवला म्हणून, आणि अर्धेच.

आता उंबरपाड्याच्या विहिरीवर कोणी जाईना, भांडी पडेनात. इतर पाड्यांतही नळ येऊ लागले होते. मला वाटले, जमनाबाईंचे आता काय होणार? आयुष्याचा हेतूच गेला. मी ‘प्रयोजन हरवल्यावर’ या विषयावर चार समजुतीच्या गोष्टी मनाशी जुळवल्या आणि त्यांना भेटायला गेलो. त्या भरदुपारी ओटीवर घोरत होत्या. मी खोकलो, तेव्हा उठून बसल्या.

“आता वेळ कसा जातो?” मी गंभीरपणे विचारले.

“झोपते. तीस वरसांची दुपारची झोप ऱ्हायली व्हती.”

“काही चुकल्यासारखे वाटत नाही?”

“वाटतं ना. तुमी उठवलं म्हंजे वाटतं.”

२०१८च्या दिवाळीनंतर डहाणू-तलासरीची जमीन हलू लागली. आधी आठवड्यातून एकदा, मग दिवसातून दोन-तीनदा. खालून एखादा ट्रक गेल्यासारखा गडगडाट होई आणि भांडी वाजत. लोक घराबाहेर ताडपत्री बांधून राहू लागले. डहाणू रोडला माझ्या घराच्या भिंतीला केसासारखी भेग गेली. पत्नीने तिच्यावर दिनदर्शिका टांगली. उंबरपाड्याची टाकी पडू नये म्हणून ती रिकामी करून ठेवली गेली. बाया पुन्हा विहिरीवर आल्या. हादरा आला की हातातला दोर सुटे. जमनाबाईंची झोप संपली.

फेब्रुवारी २०१९मध्ये मी शेवटचा गेलो. त्यांच्या घराची ती भिंत कलली होती. खिळ्यांवरच्या वस्तू त्यांनी उतरवून ताडपत्रीखाली एका सुपात ठेवल्या होत्या. पाड्यापाड्यात निरोप धाडला होता की ज्याचे त्याने येऊन घेऊन जावे, भिंत राहणार नाही. लोक आले होते. पैंजणवालीसुद्धा उरलेल्या पैंजणासाठी आली होती. सूप जवळजवळ रिकामे झाले होते. त्यात एक चमचा आणि टेप उरला होता.

जमनाबाई थकलेल्या दिसत होत्या. “आता बायांना ‘संगं काय पडलं’ असं इचारायची सोय नाय,” त्या म्हणाल्या. “जमीनच हलते. जमिनीला कोन इचारनार, बाय, तुझं ध्यान कुठं हाय?”

मी सुपाकडे पाहत होतो. एसटीला दोन तास होते.

“तो टेप माझा आहे,” मी म्हणालो.

त्यांनी टेप उचलला, माझ्यापुढे धरला, आणि सोडला नाही.

“कुठं पडला?”

“तुमच्या विहिरीत.”

“संगं काय पडलं?”

“एक आकडा. खोली मोजली नाही. बेचाळीस फूट असे मनाने लिहिले. सही केली.”

“बेचाळीस म्हंजे किती हात?”

“अठ्ठावीस.”

“आन व्हती वीस.” त्यांनी मान वर करून रिकाम्या टाकीकडे पाहिले. “म्हनून एवढी मोठी. मी म्हनायची, कोनाला एवढी तहान लागली व्हती?”

मला वाटले, त्या रागावतील. त्या रागावल्या असत्या तर सोपे झाले असते. त्या म्हणाल्या, “लई वेळ लावला, सायेब. तवा तुमचे केस काळे व्हते.”

“तुम्हाला माहीत होते?”

“मी तिथंच भांडी घासत व्हते. तुमी टेप पाडला, इकडंतिकडं पाहिलं, कागदावर लिवलं, गेले. माझ्याकडं पन पाहिलं, पन दिसले नसंन. मला वाटलं, सरकारी वस्तू हाय, बिचाऱ्याची नोकरी जायाची. दुसऱ्या पाड्यातनं गळ मागून आनला. तवर कधी हातात धरला नव्हता. तीन दिस लागले. तुमच्या टेपाची कडी पयली लागली माझ्या गळाला. घेऊन रस्त्याला उभी ऱ्हायले, तुमची जीप आली नाय. मंग शेजारीन म्हनाली, टेप निघतो तर माझी कळशी काढ. काढली. मंग दुसरी आली.”

एवढे बोलून त्यांनी टेप सोडला.

चार वर्षे मी या बाईंना त्यांच्या जीवनाचा हेतू विचारत होतो. वह्या भरल्या, भाषणे केली, शाल घातली. तो हेतू माझ्या हातून निसटलेल्या वस्तूपासून सुरू झाला होता, आणि माझ्या चौतीस वर्षांतले सर्वांत टिकाऊ काम बहुधा तेच होते. बोलण्यासारखे फक्त ‘चुकले’ एवढे होते, आणि ते म्हणायचीही मला सवय नाही. पण म्हणालो.

“चुकलं ते कळलं मला,” त्या म्हणाल्या. “म्हनून तर ठेवला.”

तेवढ्यात पायाखाली गडगड झाली. ताडपत्रीच्या काठ्या थरथरल्या, सुपातला एक चमचा वाजला, आणि विहिरीकडून बायांचा कालवा ऐकू आला. “जमनी आय! गेला गं, हंडा गेला!”

त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, पण उठल्या. शालीची घडी खांद्यावर टाकली. तिचे आता सूतच उरले होते. तिच्यावर गळ घेतला. दोर फार जड झाला होता, तो माझ्याकडे फेकला. मी तो उचलला आणि दुसऱ्या हातातला टेप कुठे ठेवावा हे न कळून इकडेतिकडे पाहू लागलो.

“खिशात घाला,” त्या चालता चालता म्हणाल्या. “आन या खेपेला विहिरीपासनं लांब उभे ऱ्हावा.”

मी लांब उभा राहिलो. दोराचे टोक माझ्या हातात होते. त्या कठड्याला टेकल्या, गळ आत सोडला आणि पाण्याकडे पाठ करून उंबराकडे पाहू लागल्या. बराच वेळ काही लागले नाही. मग दोर माझ्या हातात किंचित हलला, आणि मला कळायच्या आत त्या म्हणाल्या, “धरा, सायेब.”

मी धरला.